चक्रवाकांचा पाहुणचार

गारखेडा, रविवार

ती. रत्नमालाताईस धाकट्या रूपाचा साष्टांग नमस्कार (तूर्त मनातल्या मनात, कारण मानेला पट्टा आहे, तो का, ते खाली येईलच). समुद्राच्या हवेनं दाजींचा खोकला मवाळ झाला असेल. आई ठणठणीत आहे.

हिवाळाभर आईला तुझ्याकडं अलिबागला धाडायचं काम तू माझ्यावर सोपवलंस, आणि तिचं पालुपद एकच : "ऱ्हायला गेलेलं म्हातारं मानूस माघारी येत नाय. मंग त्याच्या खोलीत शिलाई मशीन येतं." (मशीन घेणार नाही, अशी शपथ घेतली, तरी.) म्हटलं, आधी हिला उंबऱ्याबाहेर तर काढू. आमच्या कॉलनीतला अतुल लोकांना पक्षी बघायला पैठणला, जायकवाडीच्या पाणथळीवर नेतो. मागच्या रविवारी आम्ही दोघीही गेलो.

कपडे मळकट रंगाचे घाला, असं त्यानं बजावलं होतं. आई झेंडूच्या रंगाचं लुगडं नेसून आली, हातात पिशवी. (तीत धपाटे असणार, असं मी धरून चालले.) धुकं विरलं तसे पाण्यावर लांब नारिंगी ठिपके दिसले. चक्रवाक, अतुल कुजबुजला. लडाखकडून येतात, जोडीजोडीनं राहतात. आईनं दुर्बिणीला डोळा लावला तो काढेचना. मागं रांग लागली. "वाटंत मुक्काम कुठं करतात? तिकडं त्यांच्या घराकडं कोन बघतं? आन हितं आल्यावर कुनी खायला घातलं का न्हाय?"

"आजी, हळू. त्यांचं ते खातात."

"पाव्हन्यांना असं म्हनतेत व्हय रं?" म्हणत तिनं पिशवीतून मूठभर ज्वारी काढून भिरकावली. वारा समोरून होता. ज्वारी अतुलच्या केसांत गेली, आणि तिचा पदर फडफडला तसा सगळा थवा उठून आमच्या डोक्यांवरून गेला. नारिंगी अंगाखाली एवढे पांढरे पंख मिटलेले असतात, हे मला ठाऊकच नव्हतं. रागवायला आलेली माणसंही तोंड उघडं ठेवून वर बघत राहिली. (मानेचा पट्टा इथला.)

आईनं फक्त विचारलं, "माघारी जातात का पर?"

"जातात की. उन्हाळ्याच्या तोंडी."

"नक्की?"

"दरवर्षी, आजी," अतुल ज्वारी झटकत म्हणाला.

परतताना एसटीत बिडकीन आलं तशी तिनं पिशवीतली उरलेली ज्वारी चाचपून बघितली. मग म्हणाली, "रत्नीला कळव, येते म्हनावं. उन्हाळ्याच्या तोंडी माघारी."

तेव्हा जिंकलीस, ताई. तिकीट काढ.

तुझी,
रूपा

ता. क. : तिला भात पुरत नाही, भाकरी लागते. ज्वारी ती आणेल, उरली आहे.

पुन्हा ता. क. : तिकीट एवढ्यात नको. एवढं लिहून होताच तिनं मला, ती नसताना म्हणून, गॅस कसा बंद करायचा ते शिकवलं. चाळिशी उलटलेल्या मला! मग ती देवळात गेली, आणि तेवढ्या वेळात घर कसं वाटतं ते मी बघून घेतलं. तुझ्याकडं रंगकाम निघालंय, असं खोटंच कळवतेस का?

शेवटचं ता. क. : इतका वेळ काय लिहितेस, म्हणून तिनं सगळं वाचून घेतलं (वरचंही). बराच वेळ चष्मा पुसत बसली. मग म्हणाली, "तुजं काम घरूनच चालतंय ना? आन ते पक्षी जोडीनं ऱ्हातेत म्हनला ना त्यो? मंग येडे, दोन तिकिटं काढाया सांग."