हिचा हात

४ फेब्रुवारी
हॉस्पिटलातून घरी. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती, विरघळली, विषय संपला. तब्येत ठणठणीत. तरी मुलाने रोज घरी येणारी फिजिओ लावली आहे. पोरगी चिमणीएवढी, आवाज मात्र कवायतीच्या मास्तरचा. डावी बाजू उठवायची म्हणे. झोपली कधी होती? आठवड्याभरात तिला नारळ द्यायचा. नक्की.

५ फेब्रुवारी
सूनबाई ताट अर्धंच वाढते. भाजी नव्हती. बोललो. तिने ताट फिरवलं, तर भाजी हजर. हातचलाखी आहे. लक्ष ठेवायला हवं.

७ फेब्रुवारी, दुपार
जाग आली तर पलंगावर माझ्या डावीकडे एक हात. गार. जड. आधी दचकलो, मग ओळखला. हिचा. ही कायम डावीकडेच झोपायची आणि हात असेच बर्फासारखे.
ही जाऊन दोन वर्षं झाली, हे मला ठाऊक आहे. मी काही भ्रमिष्ट नाही. पण हात हिचा आहे, त्याला मी काय करणार?

८ फेब्रुवारी
फिजिओला सांगून चूक केली. म्हणाली, काका, तुमचाच आहे, खांद्यापर्यंत बोट फिरवून बघा. फिरवलं. कोपराच्या वर कुठेतरी ही संपते आणि मी सुरू होतो. नेमकी जागा सापडली नाही. मग म्हणाली, मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याची खूण आहे की. म्हटलं, असणारच, माझं घड्याळ ढापायची सवय होती तिला. पोरगी हसली. मेंदूला डाव्या बाजूचा विसर पडलाय, होतं असं, म्हणाली. एवढी शिकली, पण फार गैरसमज.

११ फेब्रुवारी
व्यायाम कसला, छळ. बोटं एकेक करून उलगडते, मनगट वाकवते, टॉवेलने घासते. म्हटलं, हळू, हिला दुखेल. तर उलट मलाच विचारते, तुम्हाला दुखतंय का? मला कशाला दुखेल?
ठराव: उद्यापासून तिच्या वेळेला झोपेचं सोंग.

१२ फेब्रुवारी
सोंग घेतलं. तिने झोपलेल्या माणसाकडून व्यायाम करून घेतला.

१५ फेब्रुवारी
मुलगा म्हणतो, बाबा, अर्धीच दाढी केलीत. आरशात पाहिलं. पूर्ण होती. त्याच्या डोळ्यांचा नंबर वाढला असणार.
ठराव: उद्या हिला घेऊन कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत फिरून यायचं. संध्याकाळचे आम्ही तिथेच बसायचो. काठी नको, कुणाला सांगायचं नाही.

१६ फेब्रुवारी
दाराची चौकट कुणीतरी सरकवली आहे. डावीकडून आली आणि आदळली. पडलो. मुलगा आधी ओरडला, मग रडला. आई गेली, आता तुम्ही तरी बाबा, एवढं बोलून थांबला. सांगणार होतो, आई इथेच आहे. नाही सांगितलं. त्याच्या वाट्याला हात आलेला नाही, उगाच वाईट वाटायचं.

२० फेब्रुवारी
फिजिओने हात कोमट पाण्यात बुडवला. डावीकडे बघा, अजून मान वळवा, आता बोटं मिटा. करंगळी हलली! सूनबाई धावत आली, मुलाने व्हिडिओ काढला. काका, तुम्ही हलवलीत, म्हणून पोरीने टाळ्या वाजवल्या. हलवली हिने, पण कशाला वाद.
पुन्हा, म्हणाली. मी मनात म्हटलं, नको हलवूस. नाही हलली. बरं, हलव. हलली.
ऐकते.
उभ्या जन्मात कधी माझं ऐकलं नव्हतं तिने.

२१ फेब्रुवारी
आज व्यायाम नको म्हणालो. अंग दुखतंय, पाणी गार आहे, फिजिओला सर्दी आहे. यातलं कुठलंही कारण चाललं नाही.

२६ फेब्रुवारी, दुपार
जाग आली ती खाजेने. उजव्या हाताने डावीकडचा हात खाजवला. खाज थांबली. हात गार नव्हता.
मग मान वळली. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप. डावीकडे अर्धा पलंग आहे. इतके दिवस दिसलाच नव्हता. चादर ताठ. उशीवर खळगा नाही.
बराच वेळ बघत राहिलो.
फिजिओ आली. म्हणाली, काका, आज भांडण नाही? म्हटलं, नाही, सुरू कर. पण हळू, दुखतं.
कुणाला, तिने विचारलं.
मला, म्हटलं.