न बोलता सातवी ब

७ जुलै, सोमवार
तिसऱ्या तासाला आवाज गेला. बसला म्हणतात तसा नाही, गेलाच. सातवी ब, विज्ञान. "बाष्पीभवन म्हणजे" एवढं म्हटलं आणि पुढे नुसती हवा. पोरांना वाटलं बाई गंमत करतायत. हसली.
संध्याकाळी पिंपळे सौदागरला घशाच्या डॉक्टरांकडे. नाकातून कॅमेरा घातला. स्वरतंतूंवर दोन्ही बाजूंनी गाठी. "किती वर्षं शिकवताय?" बोटांनी सांगितलं, सव्वीस. "वर्गात मुलं किती?" अठ्ठावन्न. डॉ. म्हणाले, "सहा आठवडे एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, त्याने ताण वाढतो. मग बघू. नाहीतर ऑपरेशन."
परत येताना सुनील गाडी चालवत एकटाच बोलत होता. मी उत्तर देत नाहीये हे भोसरी येईपर्यंत त्याच्या लक्षातच आलं नाही. 

८ जुलै
मुख्याध्यापक (मु.अ.) मोरे सरांना डॉ.ची चिठ्ठी दाखवली. "मॅडम, सरळ मेडिकल टाका. रजा शिल्लक आहे तुमची." कागदावर लिहिलं, सातवी बचं काय? "दोन्ही तुकड्या हॉलमध्ये एकत्र बसवू. कुणीतरी गाइडवरून उतरवून देईल."
शंभरावर पोरं, आणि गाइड. लिहिलं, मी येणार.
"न बोलता शिकवणार कसं?"
ते मलाही माहीत नव्हतं. लिहिलं, घटक चाचणीपर्यंत वेळ द्या.
दिला. "निकाल घसरला तर रजेवर जायचं. मग वाद नको."

९ जुलै
संगणकाची अनुजा. मी नोकरीला लागले त्याच वर्षी जन्मलेली. तिने लॅपटॉपवर सोय करून दिली: मी टाइप करायचं, मशीनने मोठ्याने वाचायचं. वर्गात टाइप केलं, शांत बसा. मशीन म्हणाली, "शांत. ब. सा." वर्ग फुटला. ओंकार, इथल्याच जुन्या घरातला, पहिल्या बाकावरून: "बाई, ही बरी हाय. रागवत न्हाई." मीही हसले. बिनआवाजाचं हसताना बरगड्या दुखतात.
तास वाया.

११ जुलै
प्रोजेक्टरवर व्हिडिओ. चांगला होता, मी स्वतः निवडलेला. पडदे ओढलेले, पंखा चालू. मागच्या तीन बाकांवर पोरं झोपली. माझ्या ओरडण्यानेच जागी राहत असणार आजवर. मोरे सर खिडकीतून बघून गेले.
सुनील कंपनीतून फर्स्ट शिफ्ट करून घरी आला. "घे की रजा. कशाला एवढा हट्ट?" लिहिलं, हट्टच आहे.

१४ जुलै
अनुजाची नवी कल्पना. मागच्या महिन्यात तिने माझा नमुना पाठ शूट केला होता, तोच वर्गात लावायचा. माझाच आवाज, माझंच शिकवणं. आधी एकटीने बघितला.
पस्तीस मिनिटं. पस्तीसही मिनिटं मी बोलतेय. पोरांचा आवाज फक्त "हो बाई". मोजलं. एकोणीस वेळा. बाकी काही नाही. या पाठाचं केंद्रप्रमुखांनी कौतुक केलं होतं.
रेणुका दिसते त्यात, शेवटच्या बाकावर. परभणीहून आलेली, आई चाकणला कंपनीत. पाचवीपासून माझ्याकडे. तिचा आवाज कसा आहे ते मला आठवेना.
व्हिडिओ लावला नाही. अनुजाला कारण सांगितलं नाही.

१६ जुलै
हे नीट लिहून ठेवायचं.
टेबलावर स्टीलचा ग्लास, आत बर्फाचं पाणी. अनुजाने मोबाइल स्टँडला लावून वर टांगला, त्यामुळे ग्लास पडद्यावर हंड्याएवढा. बाहेरून थेंब जमायला लागले. फळ्यावर एकच प्रश्न: हे पाणी कुठून आलं?
ओंकार: "ग्लास पाझरतोय."
अर्धा वर्ग: "हो बाई, पाझरतोय."
माझं तोंड उघडलं. चूक, खाली बस, हवेतली वाफ. सगळं जिभेवर तयार. सव्वीस वर्षं हेच. आणि आवाज नाही. तशीच उभी राहिले. अर्धं मिनिट असेल, पण अंगावर आलं. पोरं माझ्याकडे, मी ग्लासकडे.
मग मागून: "मंग रंग टाका की त्या पाण्यात. पाझरलं तर बाहीर रंगीत येईल."
रेणुका. जाडसर, ठाम आवाज आहे तिचा.
शाई टाकली. अठ्ठावन्न पोरं पडद्याकडे डोळे लावून. थेंब आले. स्वच्छ. ओंकार जागेवरून उठून पुढे आला, बोट लावलं, चाटून बघितलं. "आयला, शाई न्हाई. मग आलं कुठून?"
मी तीन वर्षांत हा प्रश्न त्यांच्याकडून ऐकलेला नाही. तो नेहमी मीच विचारायचे आणि मीच

(पुढे लिहवेना.)

२१ जुलै
पद्धत बसतेय. पडद्यावर एकच प्रश्न. दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोला. मग एक जोडी पुढे येऊन मोबाइलखाली करून दाखवेल. उत्तर देणाऱ्याला वर्गाने विचारायचं, "कशावरून?" हा नियम फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहिलाय.
गृहपाठ: घरच्या फोनवर एक मिनिटाचा व्हिडिओ. फोन नसेल त्याने शेजारच्याबरोबर करायचा.

२३ जुलै
रेणुकाचा व्हिडिओ वर्गात लावला. गॅसवर डाळ, झाकण उचललेलं. आईचा आवाज, "काय करायलीस ग?"
"शाळेचं हाय. झाकणावर पाणी बघ."
"रोजच असतंय की."
"व्हय, पण का असतंय?"
आई हसली. मग म्हणाली, "थांब, मलाबी बघू दे."
पाचवीत आली तेव्हा हिच्या बोलण्यावर वर्ग हसायचा. आज कुणी हसलं नाही, झाकणाकडेच बघत होते. मी तेव्हा हसणाऱ्यांना ओरडून गप्प करायचे, आणि तीही गप्प व्हायची.

२५ जुलै
ओरडले. ओंकारची बाही स्पिरिटच्या दिव्यावर जात होती. "ओंकार!" घशात काहीतरी फाटल्यासारखं झालं. बाही वाचली. पोरं पांढरीफटक. दिवसभर पाणी गिळताना सुई टोचल्यासारखं. डॉ.ना मेसेज केला. त्यांचा एका ओळीचा: "पुन्हा नको."
उद्यापासून दिवा बंद. गरम पाण्याची किटली.

१ ऑगस्ट
घ.चा. तपासून झाली. कारणे लिहा: उत्तम. रेणुकाचं उत्तर तर दोनदा वाचलं. व्याख्या लिहा: भुईसपाट. पाठच केल्या नाहीत कुणी. एकूण बेरीज अ तुकडीपेक्षा खाली.
मोरे सरांनी रजेचा अर्ज टाइप करून ठेवला होता. "ठरलं होतं मॅडम आपलं." आवाजात राग नव्हता, त्याचंच जास्त वाईट वाटलं. लिहिलं, सोमवारी एकदा तासाला बसा. मग सही करते.
सरांनी कागद वाचून बाजूला ठेवला. "बरं."

४ ऑगस्ट, सोमवार
सर शेवटच्या बाकावर, गुडघे बाकात मावत नव्हते. प्रश्न: ओले कपडे सावलीत कसे वाळतात?
पोरांची चर्चा चालू. सरांना राहवलं नाही. "उष्णतेमुळे!"
ओंकार मागे वळला. "कशावरून सर?"
 मला वाटलं, संपलं.
"म्हणजे... हवेतही उष्णता असते."
रेणुका उभी. "मंग पंख्याखाली लवकर कामून वाळतंय सर? पंखा तर गार करतोय."
सर उठले. खिशातून रुमाल काढला, बाहेर नळावर जाऊन भिजवून आले, दोन तुकडे करावे म्हणून ओढला, फाटेना. मग अनुजाने स्वतःचा भिजवून दिला. एक पंख्याखाली, एक कपाटाआड. अर्धा वर्ग घड्याळ बघतोय, मु.अ. रुमाल धरून उभे. घंटा झाली तरी कुणी हललं नाही.
जाताना अर्ज घडी करून खिशात घातला. "व्याख्या मात्र पाठ करून घ्या. सहामाहीत त्याच पडतात."
बरोबर आहे त्यांचं. तेही करायचं. आधी पोरांनी स्वतःची व्याख्या लिहायची, मग पुस्तकातली शेजारी ठेवून काय राहिलं ते शोधायचं. अनुजा म्हणे, त्याचा खेळ बनवू पडद्यावर. बनव म्हटलं. म्हणजे लिहिलं.

१० ऑगस्ट, रविवार
घरी. सुनील हल्ली खूप बोलतो. लाइनवर नवा रोबोट बसवलाय, त्याच्या जागी होता तो कामगार आता कुठे आहे, स्वतः सुनीलला काय वाटतं. एकवीस वर्षांच्या संसारात हे असं ऐकलं नव्हतं. त्याने आधी सांगितलं असेल का? मी मध्येच तोडलं असेल.

१८ ऑगस्ट
डॉ.कडे. एक गाठ लहान झालीय. दुसरी आहे तशीच. "दिवसाला दहा मिनिटं बोला, हळू आवाजात. बोललात तरच कळेल मला. महिन्याने या, ऑपरेशनचं तेव्हा ठरवू."
गाडीत म्हटलं, "सुनील." घोगरा, परका आवाज. त्याने गाडी बाजूला घेतली.
"काय?"
"काही नाही."
मागून हॉर्न वाजला तेव्हा त्याने गाडी काढली.

१९ ऑगस्ट
वर्गात पोरांना कळलंच होतं. "बाई, आज बोलणार?" दहातली तीन मिनिटं सकाळी घरी गेली. सात शिल्लक.
प्रश्न: सावलीतलं लोखंडी कपाट आणि लाकडी बाक, जास्त थंड काय?
रेणुका: "लोखंड. लोखंड थंडच असतंय."
ओंकार: "कशावरून?"
"हात लावून बघ की."
त्याने लावला. मग सगळ्यांनी रांगेने लावला. लोखंड थंड, सगळ्यांचं एकमत. पुरावा हातात. आणि चूक. एकाच खोलीत आहेत दोन्ही, तापमान एकच. हात फसवतो.
रेणुका अजून उभीच होती. कॉलर ताठ. मी चूक म्हटलं असतं तर बसली असती. चूक म्हटलं नाही तर अठ्ठावन्न पोरं खोटं घेऊन घरी जाणार होती. घंटेला चार मिनिटं.
प्रयोगशाळेतून दोन तापमापक आणले. एक कपाटाला, एक बाकाला. दोरा ओंकारने बांधला, त्यावर चिकटपट्टी अनुजाने. आकडे सकाळी सगळ्यांसमोर वाचायचं ठरलं. पोरांच्या पैजा लागल्या, बहुतेक सगळे रेणुकाच्या बाजूने.
दप्तर भरून ती टेबलाशी आली. "बाई, मीच बरोबर हाय ना?"
"उद्या बघू," म्हटलं.
घसा थोडा दुखला.