ओल्सू म्हणायची जागा

२ मार्च २००६, गुरुवार

नोव्हेंबरपासून एक ओळ नाही. वहीबाई, माफ कर. कारणं लिहायला बसले तर तीही खोटीच निघतील — आळस, दुसरं काय!

ऑफिसातली कोरियन मैत्रीण सुनही अकरा तारखेला इथे मिल्टन कीन्सच्या लायब्ररीत गाणार आहे. पानसोरी — कोरियातलं जुनं गाणं. एक गाणारी, एक ढोलवाला (तिचा नवराच), आणि तासभर एकच गोष्ट. गात, मध्येच बोलत. ऐकणाऱ्यांनी अधूनमधून "ओल्सू!" म्हणून दाद द्यायची. नाही दिली तर गाणं अर्धंच राहतं म्हणे. मागच्या वर्षी बेसिंगस्टोकला लोक चर्चमध्ये बसल्यासारखे गप्प बसले. त्यानंतर ती गायलीच नाही. "तू पुढे बस," म्हणाली. हो म्हणून बसले.

तनिषाचा व्हायोलिनचा क्लास सोडायचा फॉर्म फ्रिजवर लावलाय. पंधरा तारखेपर्यंत माझी सही हवी. कंटाळा आला म्हणते लेक. तेराव्या वर्षी येतो.

४ मार्च

सुनहीने दिलेली सीडी ऐकली. आवाज गोड नाही — मुद्दाम खरवडलेला. धबधब्यासमोर ओरडून कमावतात म्हणे! सूर सरळ उभा राहतच नाही. थरथरतो, झुकतो, तुटतो. ठेका तीन-तीनचा. मी लगेच बोटांवर दादरा मोजायला लागले, मग स्वतःला थांबवलं. सगळं आपल्याशी जुळवून बघायची ही खोड!

६ मार्च

दाद कुठेकुठे द्यायची, त्याची यादी मागितली. सुनही इतकी हसली की चहा सांडला. यादी नसतेच. मग मीच सीडीवरून केली. एक मिनिट बेचाळीस सेकंद — ओल्सू. अशा अकरा जागा.

७ मार्च

गाडीत सराव. दर राउंडअबाउटच्या वळणाला एक ओल्सू. यतीन म्हणाला, "आधी इंडिकेटर दे, मग दाद दे." नवरे!

८ मार्च

तनिषा वर नवीन तुकडा वाजवत होती. भांडी घासताना नळ बंद केला, नेहमीसारखा, नीट ऐकू यावं म्हणून. शेवटच्या ओळीला अंगावर काटा आला. पण दोन सूर घसरले होते. म्हणून ती खाली आल्यावर एवढंच म्हणाले, "ठीक आहे, पुन्हा एकदा." उगाच कौतुकाने मुलं बिघडतात. आणि खोटं मला जमत नाही.

११ मार्च

जेमतेम पंचवीस माणसं, त्यात यतीन आणि तनिषा धरून. सुनही सीडीपेक्षा संथ गाते! माझं पहिलं ओल्सू पडलं ते गोष्टीतली मुलगी आईचा निरोप घेत असताना, भर शांततेत. ढोलवाल्याने मान वर करून पाहिलं. यादी पर्समध्ये कोंबली. आता तोंड उघडायचं नाही.

मग एका जागी तिचा आवाज वर चढला आणि फाटला. तिने सावरला नाही, तसाच पुढे नेला. माझ्या तोंडून निघून गेलं — "अगं बाई, वा!" मराठीत! मोठ्याने! सुनहीने हातातला पंखा फटकन माझ्याकडे उघडला आणि पुढची ओळ जणू मलाच सांगितली. मागून कुणी इंग्रज आजोबा "ओल्सू" म्हणाले. मग सगळेच. सुनही काय गायली!

नंतर तिने विचारलं, त्याचा अर्थ काय. "अगं बाई" इंग्रजीत काही सांगता येईना.

परत येताना वाटलं, तनिषा लाजेने गाडीत मागे दडून बसली असेल. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आई, तुला असं बोलता येतं?"

"असं म्हणजे?"

"मला तर तू फक्त 'पुन्हा एकदा' बोलते. मला वाटलं, तुला माझा वाजवणं आवडत नाही."

 

१२ मार्च

तीन वर्षं रोज नळ बंद करून ऐकतेय. तिला ते कसं कळणार? वर तिच्या खोलीत खालून फक्त शांतता जात होती.

उद्या: संध्याकाळी पाचला, ती वाजवायला बसली की, भांडी तशीच टाकून, खुर्ची घेऊन तिच्या खोलीत जाणे.