विरोधात एक हात

सीडर फोर्क, युटा
५ ऑगस्ट १९५७

ती. झायनाअक्कास,
धाकट्या भावाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. जर्दाळूच्या मुरंब्याच्या तीन बाटल्या पाठवल्या असं तू लिहितेस. माझ्या हाती दोन आल्या. तिसरी वाटेत फुटली, असं मेल्बाचं म्हणणं आहे. मी नवरा आहे, पोलीस नाही, म्हणून गप्प बसलो.

टर्की झकास आहेत. चार हजार पक्षी, आणि एकालाही अक्कल नाही. उकाडा मात्र असा, की दुपारी पक्षी आणि मालक दोघेही चोच उघडी टाकून सावलीला बसतात.

आता मुद्द्याचं. आपल्या आर्डिसला कोलोरॅडोत जनावरांच्या डॉक्टरीच्या कॉलेजात जागा मिळाली. साठ मुलगे आणि तीन मुली, त्यांतली ही एक. गेल्या हिवाळ्यात आपले सातशे पक्षी पटापट मेले तेव्हा औषधवाला नुसता टोपी हातात धरून उभा होता. या पोरीने आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन मेलेले पक्षी फाडले आणि दोष पाण्याच्या हौदात आहे म्हणून सांगितलं. हौद बदलला, मरणं थांबलं. मेल्बाने ते टेबल तीनदा उकळत्या पाण्याने धुतलं आणि तरीही आठवडाभर आम्हांला अंगणातच जेवायला घातलं.

इथवर सगळं गोड. पण परवा बिशप घरी आला. म्हणजे आपला केल्डन, दाणागिरणीवाल्या फ्रॅंडसनचा धाकटा. चौतीस वर्षांचा आहे. सहा दिवस पोती उचलतो आणि सातव्या दिवशी चर्चमधल्या आम्हा तीनशे माणसांचा भार. पगार छदामाचा नाही. लहानपणी त्याचं नाक मी पुसलंय, पण बिशप झाल्यापासून मी त्याला अहो-जाहो करतो. तो आर्डिसला म्हणाला, की प्रार्थना करताना तुझं नाव मनात आलं. चर्चच्या बालवर्गाची प्रमुख म्हणून तुला नेमायचंय, निदान तीन वर्षं. वर असंही म्हणाला, की कॉलेज काही कुठे पळून जात नाही, आणि मुलगी फार शिकली की नवरा मिळायला वेळ लागतो.

आर्डिस म्हणाली, विचार करून सांगते. अक्का, बिशपचं बोलावणं आलं की आपल्यात विचार करून कोण सांगतं? ती आत गेल्यावर केल्डनने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ती हो म्हणालीच असं धरून चाला. आता अठरा तारखेच्या सभेत तो तिचं नाव वाचणार, सगळे संमतीचा उजवा हात वर करणार, आणि झालं.

तेव्हापासून पोरगी माझ्याशी फक्त हवेबद्दल बोलते. माझं काय चुकलं? बावन्नच्या पुरात त्या वेळच्या बिशपचा निरोप आला, की वाळूची पोती घेऊन ओढ्यावर या. का आणि कशाला, कुणी विचारत बसलं नाही, म्हणून हे गाव आज जागेवर आहे. तू तिला चार शब्द लिही. तुझं ती ऐकते, आणि तू तर कधी कुणाचा शब्द मोडला नाहीस.

वडीलकीचा हात पाठीवर असू दे.
तुझा फेरॉन

सॉल्ट लेक सिटी
९ ऑगस्ट १९५७

चि. फेरॉन यास,
अनेक आशीर्वाद, आणि पोस्टाने जितका धरता येतो तितका कान धरून.

बाटल्या तीनच होत्या. मेल्बाच्या शिवणाच्या टोपलीत बघ. तिच्या आईची सवय तीच होती.

तुझं पत्र दोनदा वाचलं. समोर एका नवरीचा झगा अर्धवट पडलाय, तरी सुई टोचून ठेवली आणि बसले. एकतीस साल आठवतं का रे? म्हाताऱ्या बिशपने तुला सांगितलं होतं, की मेंढ्या सोडू नकोस, टर्की पाळणं हे बायकांचं परसातलं काम. तू दोन दिवस उपास केलास, डोंगरावर जाऊन बसलास, आणि उतरलास तो सरळ दोनशे पिल्लांची मागणी नोंदवायला गेलास. आता मात्र तू दर वर्षी सभेत उभा राहून डोळे पुसत सांगतोस, की मी बिशपच्या आशीर्वादाने वर आलो. आशीर्वाद त्यांनी दिला, हे खरं. पण तुझी पहिली भाजलेली टर्की खाऊन झाल्यावर!

आणि पुराचं म्हणशील, तर त्या दिवशी पाणी तुम्हां सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होतं.

मी कुणाचा शब्द मोडला नाही, हेही खरं. सतराव्या वर्षी मला शिक्षिका व्हायला जायचं होतं. बिशप म्हणाले, आईला घरात हात हवाय. मी मान डोलावली. माझं काही वाईट झालं नाही. आल्मासारखा नवरा मिळाला, तो असेपर्यंत या घरात हसू होतं. पण देवाने तुला काय सांगितलं, असं मला कुणीच विचारलं नाही. आणि गंमत म्हणजे मीही देवाला विचारलं नाही. बिशपने विचारलंच आहे, आपण परत कशाला त्रास द्यायचा, असं वाटलं. आपली जुनी माणसं सांगायची, पुढाऱ्याचं ऐका आणि मग गुडघे टेकून स्वतः खात्री करून घ्या. आपण त्यातलं पहिलं अर्धं तेवढं पाठ केलं.

तेव्हा मी आर्डिसला लिहिणार आहे, पण तू सांगतोस ते नाही. जा किंवा राहा, असं काहीच सांगणार नाही. फक्त विचारणार आहे.

तुझ्यावर रागावलेली, म्हणजे नेहमीसारखी माया असलेली,
झायनाअक्का

सीडर फोर्क
१४ ऑगस्ट १९५७

ती. आत्यास,
आर्डिसचा कृ. सा. न. वि. वि.

तू विचारलंस म्हणून सांगते. मी प्रार्थना केली. टर्कींच्या शेडमध्ये केली, कारण घरात गुडघे टेकले की आई दार उघडून विचारते, दूध घेतेस का. आवाज वगैरे काही ऐकू आला नाही. आजारी पक्षी कुशीत धरला की त्याची धडधड हळूहळू शांत होते ना, तसं झालं. माझं उत्तर ‘जा’ असं आहे.

पण बिशपनेही मनापासूनच प्रार्थना केली असणार. माणूस चांगला आहे. गेल्या वर्षी आमचे पक्षी मेले तेव्हा त्याने तीन महिने दाणा उधार दिला आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. दोघांनी एकाच देवाला विचारलं आणि उत्तरं दोन आली, म्हणजे एकाने नीट ऐकलं नसावं. तो एक म्हणजे आपणच, असं समजायची मला लहानपणापासून सवय आहे.

आणि बाबा. मी नाही म्हटलं तर ते गिरणीवर मान खाली घालून जातील. रविवारी नाव वाचलं, हात वर झाले, की मग माझ्या हातात काही राहत नाही. ‘कुणाचा विरोध असल्यास’ असं दर वेळी विचारतात, पण बावीस वर्षांत मी त्या वेळी एकही हात पाहिलेला नाही. तेवढ्या वेळात लोक पुढच्या गाण्याचं पान काढून ठेवतात.

माझ्यासाठी तूही एकदा देवाला विचार ना.
तुझी लाडकी (निदान आजपर्यंत),
आर्डिस

सीडर फोर्क
१९ ऑगस्ट १९५७

ती. झायनाअक्कास,
सा. न. वि. वि. हसत हसत लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

काल सभा झाली. चर्चमध्ये भट्टी पेटल्यासारखं गरम. बायका पंखे हलवत होत्या, पुरुष डोळे मिटून चिंतन करत होते, दोघे-तिघे तर घोरून चिंतन करत होते. आर्डिस माझ्या शेजारी, तिच्या पलीकडे मेल्बा. पोरीचे हात बर्फासारखे गार लागले. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की फेरॉन, तू काहीतरी घाण करून ठेवली आहेस.

केल्डन उठला आणि नेहमीच्या चालीत वाचू लागला. ब्रदर नील्स मॉर्टेन्सन यांना रविवारच्या शाळेचे प्रमुख म्हणून नेमण्याचं योजलं आहे, ज्यांची संमती असेल त्यांनी उजवा हात वर करावा. झाले हात वर. माझ्या टर्की एका आवाजासरशी एकाच दिशेला माना वळवतात ना, तसे तीनशे हात. माझाही.

अक्का, नील्सला आम्ही एप्रिलमध्ये पुरला! पेटीला पुढून मी खांदा दिला, मागून केल्डनने. थडग्यावरची प्रार्थनाही त्यानेच म्हटली. झालं असं, की आपल्या कारकुनाने गेल्या वर्षीचा कागद वर ठेवला होता आणि यंदाचा खाली. केल्डनने समोर आला तो वाचला, आणि आम्ही ऐकला तो मान्य केला. नील्सची विधवा एल्वीरा पहिल्या बाकावर बसते. एका हाताने पंखा, दुसरा हात संमतीसाठी वर!

मग केल्डनने विचारलं, कुणाचा विरोध? पानं उलटायचा आवाज. आणि माझ्या शेजारी एक हात वर झाला.

सगळं चर्च जागं झालं. केल्डनची मान लाल. असा प्रसंग कधी आलेलाच नाही, तर करणार काय बिचारा? त्याने आर्डिसला विचारलं, की ब्रदर मॉर्टेन्सन यांच्याविरुद्ध काही सांगायचंय का. ती उठली. आवाज बारीक, पण स्पष्ट होता. म्हणाली, की नील्सकाकांबद्दल माझी काहीच तक्रार नाही बिशप, पण ते एप्रिलपासून येत नाहीयेत.

आधी कोण हसलं असेल? एल्वीरा. तिने पंखा खाली ठेवला आणि म्हणाली, की पद देताच आहात तर माझा एक निरोप पण द्या त्यांना, तळघराची किल्ली कुठे ठेवलीत ते सांगून जा, चार महिने लोणच्याच्या बरण्या अडकून पडल्यात. मग काय! बाकं हलायला लागली. केल्डन स्वतः डोळे पुसत होता. त्याने दोन्ही कागदांची घडी घातली, खिशात टाकली, आणि म्हणाला, आज एवढंच, गाणं म्हणूया. दुसऱ्या कागदावर पहिलंच नाव आर्डिसचं होतं.

संध्याकाळी तो घरी आला. मेल्बाने चेरीचा केक कापून पुढे ठेवला. त्याने तोंड उघडायच्या आत मी उघडलं. म्हटलं, केल्डन, आर्डिस हो म्हणाली नव्हती. ते मी म्हणालो होतो, तिच्या वतीने, तिला न विचारता. अक्का, तुझं पत्र आल्यापासून आठवडाभर हे वाक्य मी टाळत होतो. एकतीस सालचं तू लिहिलंस ते इतकं खरं होतं, की मी ते पत्र मेल्बालाही दाखवलं नाही. (बाटली टोपलीतच सापडली. रिकामी.)

केल्डनने काटा खाली ठेवला. म्हणाला, की काका, मग माझंही ऐका. बालवर्गाला कुणीतरी दे म्हणून मी गिरणीत प्रार्थना करत होतो. डोळे उघडले तर खिडकीतून आर्डिस तुमच्या ट्रकमध्ये पोती चढवताना दिसली. दिसली ती सुचली, आणि सुचलं ते देवाचं समजलो. आज तीनशे माणसांनी माझ्या तोंडाकडे बघत मेलेल्या माणसाच्या नावाला हात वर केला. मी उद्या काय वाट्टेल ते वाचलं तर?

मग तो आर्डिसकडे वळला आणि म्हणाला, हे मी आधीच विचारायला हवं होतं, की तू प्रार्थना केलीस तेव्हा तुला काय उत्तर मिळालं. तिने सांगितलं. शेडमधलं, पक्ष्याच्या धडधडीचं, सगळं. तो म्हणाला, मग जा. आणि आमच्या गिरणीचं मांजर लंगडतंय, जाण्याआधी तेवढं बघून जा.

बालवर्गाची प्रमुख एल्वीरा होणार, तिने स्वतःच मागून घेतलं. तिच्या हाताखाली चार वर्षांच्या पोरांना गाणी शिकवायला केल्डनने कुणाला बोलावलं असेल? मला! माझा आवाज तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, दोन दिवस द्या, विचारून सांगतो. केल्डन हसत म्हणाला, या घरात साथच आलेली दिसते.

तुझ्या कानपिळणीचा ऋणी,
फेरॉन

सॉल्ट लेक सिटी
२३ ऑगस्ट १९५७

चि. फेरॉन यास आशीर्वाद.

नवरीच्या झग्यावर माझे हसण्याचे अश्रू पडले. तिला आनंदाश्रूंचे डाग म्हणून सांगणार आहे. आर्डिससाठी लोकरी कोट शिवून पाठवतेय, आतून दोन खोल खिसे ठेवलेत, तिचं काय सांगावं, वाटेत आजारी कोंबडी सापडेल. पोरांना गाणी शिकव. त्यांनी हात वर करून विरोध केला तर कारण मात्र विचारू नकोस, ते मला इथून ऐकू येतंय.

आणि केल्डनला माझा नमस्कार सांग. चूक कळल्यावर कागदाची घडी घालणारा पुढारी मिळाला, तर माणसाने त्याचं पुष्कळसं ऐकावं.

तुम्हां तिघांवर जीव टाकणारी,
अक्का

सीडर फोर्क
१२ सप्टेंबर १९५७

ती. झायनाअक्कास,
शि. सा. न.

पोरगी काल गेली. कोट अंगात होता, भर उन्हात. काढ म्हटलं तर म्हणाली, आत्याला वचन दिलंय.

बस गिरणीसमोर थांबते, तिथे निम्मं गाव जमलं होतं. एल्वीराने लोणच्याच्या दोन बरण्या दिल्या. तळघराचं कुलूप मी तोडून दिलं, किल्लीचा पत्ता नील्सने अजून कळवलेला नाही. लंगडं मांजर चारही पायांवर चालत निरोपाला आलं. ड्रायव्हर घाई करायला लागला, तेव्हा केल्डन पिठाने पांढऱ्या झालेल्या कपड्यांतच दाण्याच्या पोत्यावर चढला आणि सभेच्या चालीत म्हणाला, की आर्डिस थोरप हिने कोलोरॅडोला जाऊन डॉक्टर व्हावं असं योजलं आहे, ज्यांची संमती असेल त्यांनी उजवा हात वर करावा.

सगळ्यांनी केला. ड्रायव्हरनेही केला. मी बघत होतो, या वेळी प्रत्येक जण ऐकून करत होता. मेल्बाने तर दोन्ही हात वर केले, एकात रुमाल होता.

मग केल्डन म्हणाला, कुणाचा विरोध?

अक्का, देवाशपथ सांगतो, मी ठरवलं नव्हतं. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात हा हात त्या प्रश्नाला कधी हलला नाही. काल आपोआप वर गेला. सगळे माझ्याकडे वळले. आर्डिस बसच्या पायरीवर, हसतही होती आणि रडतही होती. केल्डनने गंभीर चेहऱ्याने कारण विचारलं. मी टोपी काढून हातात फिरवू लागलो.

तेव्हा एल्वीरा म्हणाली, कारण काय विचारता बिशप, बाप आहे तो.

केल्डन म्हणाला, विरोध नोंदवला. आणि बस सुटली.

आज बालवर्गात पहिलं गाणं शिकवलं. अकरा पोरांपैकी नऊ माझ्या मागून म्हणाली. दोघांनी मला विचारलं, हे असंच म्हणायचं कशावरून? त्या दोघांना मी पुढच्या बाकावर घेतलंय.

माया आहेच, ती आणखी वाढवायची असेल तर बाटल्या चार पाठव. एक वाटेत फुटणारच.
तुझा फेरॉन