सहा राजकन्यांचा बादशहा आणि तुमच्या दोन मुली

प्रिय अब्बा,

तुम्हाला जाऊन आज एक्केचाळीस दिवस झाले. तुमच्याशी बोलायचंच नाही असं ठरवलं होतं. पण सकाळी मामूंनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. "रत्नागिरीच्या पेपरात निधनाची बातमी द्यायचीय. तुझं मराठी चांगलं, तूच लिही. मागे पत्नी आणि एक मुलगी. बस्स, खलास."

एक मुलगी! हे लिहिण्याआधी तुमच्याशी भांडायलाच हवं.

मी चौथीत होते तेव्हाचं आठवतं? अबुधाबीकडच्या रुवैसच्या रिफायनरीतून तुम्ही पंधरा दिवसांनी शारजाला घरी यायचात. एकदा इजिप्शियन फोरमनने दिलेलं कॅलेंडर आणलंत. त्यावर फॅरो अखेनातेन, समोर राणी नेफरतिती, दोघांच्या अंगाखांद्यावर मुली. वर सूर्य, आणि त्याच्या प्रत्येक किरणाच्या टोकाला इवलासा हात. "बघ शब्बू, एवढा मोठा बादशहा, आणि मुलीचा पापा घेतोय!"

मग तुम्ही घरी असाल त्या प्रत्येक जुम्म्याच्या सकाळी नाश्त्याला तीच गोष्ट. त्याने जुने देव सोडले, वाळवंटात नवं शहर वसवलं. त्याला सहा मुली. दुसरी लहानपणीच गेली, तेव्हा भिंतीवर त्याने स्वतःला रडताना कोरून घेतलं. गावी कुणी "एकच मुलगी?" म्हटलं की तुम्ही मला जवळ ओढायचात. "माझी एकटी त्या सहांना भारी आहे!"

किती मिरवलं मी ते वाक्य!

सातवीत शाळेच्या लायब्ररीत वाचलं की अखेनातेनला आणखी एक राणी होती, किया. पुढे तिचं नाव दगडांवरून खोडलं आणि त्याच जागी थोरल्या राजकन्येचं कोरलं. मी लगेच रुवैसला फोन लावला. "अब्बा, तुम्ही कियाबद्दल सांगितलंच नाही?" तुम्ही म्हणालात, "जुन्या काळच्या गोष्टी, बेटा. अम्मीला फोन दे."

तेव्हा सना एक वर्षाची होती ना?

तुम्हाला हार्ट अटॅक आला म्हणून आम्ही अबुधाबीच्या हॉस्पिटलात धावलो. तुम्ही आत होतात, मशीनवर. बाहेर बाकावर आठ वर्षांची एक मुलगी चित्र काढत होती. सूर्य, आणि किरणांना हात. कोपऱ्यात नाव, सना. मी तिच्यासमोर उकिडवी बसले.

"हे कोणी शिकवलं तुला?"

"माय अब्बा. ही इज इनसाइड."

शेजारची बाई उठून उभी राहिली. रुवैसच्या दवाखान्यातली नर्स, रझिया. "आप शबाना हो ना? वो रोज़ आपकी बात करते हैं।" अम्मी भिंतीला हात लावून हळूच खाली बसली.

दुसरा निकाह तुम्हाला मना नव्हता, अब्बा. पण नऊ वर्षं खोटं बोलणं? अम्मी दर वेळी तुमच्यासोबत सोलकढीची बाटली द्यायची, ती कोण प्यायचं? आणि आमची गोष्ट! निदान ती तरी माझ्याकडेच ठेवायचीत. तिलाही म्हणालात का, "माझी एकटी सहांना भारी"?

दुपारी मी बातमी लिहिली. "पश्चात पत्नी मरियम आणि रझिया, मुली शबाना आणि सना." मामू भडकले. "गावात तोंड दाखवायचंय आपल्याला!" मी कागद सोडला नाही. मला सनाचा राग येतो, खोटं कशाला बोलू? पण तिचं नाव खोडून तिथे फक्त माझं ठेवायला माझा हात धजेना.

अम्मीने कागद घेतला, दोनदा वाचला. मग म्हणाली, "मुलींची वयं लिहू नकोस. लोक बोटं मोजत बसतील." आणि कागद स्वतःच पाकिटात घातला.

माफी मागू नका, एवढ्यात मिळणार नाही. पण एक वचन देते. येत्या जुम्म्याला मी सनाला फोन करणार आहे. तुमच्याबद्दल ती जे विचारेल ते खरं सांगेन. शारजाच्या घरातल्या तुमच्याविषयी तिने आता माझ्याशिवाय कुणाला विचारायचं?

तुमची थोरली,
शबाना