ताईच्या टाकीतलं शेवाळ

४ फेब्रुवारी, मंगळवार

दुसरा चपटा मासा गेला. कामवाल्या मावशींनी दुजोरा दिला. मी म्हणत होतो, आडवा पडून झोपला असेल. मावशींनी काचेला नाक लावलं. "साहेब, झोपलेल्याचे डोळे असे नसतात. गेलाय तो. आणि मी भांडी घासते, मेलेले मासे काढत नाही. आधीच सांगून ठेवते."

मीच काढला. जाळी सापडेना म्हणून चहाच्या गाळण्यानं. गाळणं फेकून दिलं. हात धुतले, परत धुतले. वास जाईना.

ताई खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर मुलीकडे, म्हणजे माझ्या भाचीकडे गेली, तेव्हापासून ही सहा फुटी टाकी माझ्या गळ्यात. मेहुणे गेल्यावर ताई माझ्याकडे राहायला आली ती दोन ट्रंका आणि ही टाकी घेऊन. इतकी वर्षं ती हॉलमध्ये आहे, पण मी तिच्यात कधी बोटही बुडवलं नव्हतं. ताई कोपरापर्यंत हात घालायची आणि त्याच हातानं माझा चष्मा उचलून द्यायची. मी चष्मा धुऊन घ्यायचो. ती हसायची.

आता काचेतून पलीकडची भिंत दिसत नाही. सगळं हिरवं. तळाला तपकिरी गाळ, त्यात कुजलेली पानं, न खाल्लेले दाणे, आणि माशांचे — जाऊ दे. आत्ताच जेवलोय.

५ फेब्रुवारी, बुधवार

भाचीचा फोन. "मामा, खरं सांगू? आईनं आता इथंच राहावं असं वाटतं मला. इथं लिफ्ट आहे, मी आहे. पण तिचं आपलं एकच — माझे मासे तिकडे आहेत."

मी "हं" म्हणालो.

म्हणजे बातमी साधी आहे. मासे आहेत तोवर ताई परत येणार. मासे गेले की ताईला इकडे यायला कारण उरत नाही. स्वतःला मी काही कारण धरत नाही. भाऊ म्हणजे काय, कुठूनही फोन करता येतो. महिनाअखेरीला मी निवृत्त होतोय. नंतर दिवसभर या घरात मी आणि हे डबकं! किंवा नुसता मी.

मासे मरता कामा नयेत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

गाळ काढायचा म्हणजे नळीचं एक टोक टाकीत, दुसरं बादलीत, पण आधी ते तोंडात धरून पाणी ओढायचं. ताई हे लीलया करायची. तोंडात पाणी यायच्या आत नळी खाली सोडायची.

मला जमलं नाही. तोंडात काय आलं ते लिहिणार नाही.

लिहितो. कोमट होतं आणि त्यात काहीतरी मऊ होतं.

चुळा भरून भरून हिरड्या दुखल्या. बादली अर्धी भरली — वरण घोटावं तसं घट्ट, तपकिरी. हे सगळं आपल्या हॉलमध्ये, सोफ्यापासून दोन पावलांवर होतं आणि आपण तिथं बसून चहा प्यायचो.

८ फेब्रुवारी, शनिवार

काच खरवडायला काही मिळेना. शेवटी ड्रॉवरमधलं प्रेसचं जुनं ओळखपत्र घेतलं. छान चालतं. तरुणपणीचा माझा फोटो शेवाळावरून वरखाली, वरखाली. त्या कार्डानं इतकं काम कधीच केलं नव्हतं.

शेवाळाच्याही जाती असतात. काचेवरचं हिरवं निदान सुटतं तरी. लाकडाच्या ओंडक्यावर काळं, केसाळ — न्हाणीच्या जाळीत अडकलेल्या केसांसारखं. आणि कोपऱ्यात निळसर-हिरवा एक चिकट पापुद्रा. तो हातानं उचलला तर सायीसारखा अखंड निघाला. वास? मेलेल्या तळ्याचा. बाथरूममध्ये जाऊन ओकारी काढली.

ओंडक्याखाली जावईबापू. वीतभर लांब, काळा, मिशाळ, खरबरीत. मेहुण्यांनी शेवाळ खाण्यासाठी म्हणून आणला होता. दिवसभर ओंडक्याखाली आडवा, जेवणाच्या वेळी बाहेर, कामाचं नाव नाही! नाव ताईनं ठेवलं. भाचीचं लग्न झाल्यावर तिला वाटलं, नाव बदलावं. भाचीचा नवराच म्हणाला, "राहू द्या आई, चपखल आहे."

सगळं शेवाळ ढुंगणाखाली आहे आणि हा खात नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आज सोक्षमोक्ष लावला.

तीस वर्षं वर्तमानपत्रात दुसऱ्यांची कॉपी, म्हणजे बातम्यांचा मजकूर, साफ केली. गिचमीड आली की एकच उपाय — अनावश्यक ते सगळं काढायचं, दया न दाखवता. तेच केलं. अर्ध्याहून जास्त पाणी उपसलं. तळाचे खडे परातीत काढून घासले. ओंडका उकळत्या पाण्यात. आणि मग फिल्टर उघडला.

देवा! आत स्पंज होते म्हणे. मला दिसला तो चिखल. दाबला की काळपट रस.  भांड्यांच्या साबणानं धुतले, नळाखाली धरले, पिळले, परत साबण. शेवटी पांढरेशुभ्र झाले. नवे वाटावेत असे. नळाचंच पाणी भरलं, टाकीचा दिवा लावला — पलीकडची भिंत दिसली! भिंतीवर मेहुण्यांचा फोटो आहे हे मी विसरलो होतो.

भाचीच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावून टाकी दाखवली. ताईचा आवाज आला, "इतकं स्वच्छ? काय केलंस रे?"

"संपादन," म्हटलं.

ती हसली नाही. "दिवा किती वेळ ठेवतोस?"

"तू सांगितलंस तेवढाच."

हे खोटं. दिवा सकाळी लावून जातो, तो रात्री झोपतानाच बंद. संध्याकाळी दार उघडल्यावर हॉल काळा दिसत नाही. एवढंच. त्यात काही विशेष नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पाणी दुधासारखं झालंय. घाण नाही, गाळ नाही, तरी दूध! मासे सगळे वर, तोंडं आ करून. जावईबापूसुद्धा ओंडका सोडून काचेवर चढलाय. त्याचं पोट पहिल्यांदा पाहिलं. पाहायला नको होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी आणखी एक. ताईला फोन करून पाणी दुधाळ झाल्याचं सांगितलं. टाकी दाखव म्हणाली तर कॅमेरा बिघडलाय असं सांगणार होतो, पण तिनं तसं काही विचारलंच नाही. थेट म्हणाली, "स्पंज कशानं धुतलेस?"

मी भांड्यांच्या साबणाची वडी ओट्यामागे सरकवली.

"साबणानं?"

"पांढरे झाले होते, ताई."

 मागे भाचीच्या घरचा कुकर शिट्टी देत होता.

"अरे शहाण्या," ती म्हणाली, "ती घाण नव्हती. त्या चिखलात जंतू असतात, माशांची घाण पचवणारे. टाकीचं पोट ते. तू पोटच धुऊन टाकलंस. आता मासे स्वतःच्याच मुतात गुदमरतायत." ती रागावली नव्हती, हेच वाईट. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य गेलं तिचं. संकटात आवाज आणखी खाली येतो. "ऐक. आजपासून खाणं बंद. थोडं थोडं पाणी बदल, पण पिंपात रात्रभर ठेवून शिळं केलेलं, थेट नळाचं नाही. आणि कुणाच्या तरी चालू टाकीतली घाण आण."

"काय आण?"

"घाण! जुन्या स्पंजचा पिळा. जितका काळा तितका चांगला. मिळाला तर अख्खा स्पंजच आण."

आयुष्यात पहिल्यांदा घाण मागायला बाहेर पडलो.

बाजारातल्या शोभेच्या माशांच्या दुकानदाराला आधी समजेना. मग समजलं आणि हसत सुटला. शेजारच्या पक्षीवाल्याला हाक मारून म्हणाला, "अरे ये इकडे! लोक माझ्याकडे घाण काढायचं औषध मागतात, हे काका घाणच मागतायत!" पण त्यानं मागच्या मोठ्या टाकीतला स्पंज काढून पिशवीत घातला, वर त्याच टाकीचं पाणी. "सुकू देऊ नका. गाठ सैल ठेवा, हवा लागते त्याला. आणि काका, दिवा कमी करा. शेवाळ दिव्यावर आणि उरलेल्या दाण्यांवर पोसतं. तुम्ही दोन्ही लाडानं देत असणार."

बसमध्ये पिशवी मांडीवर. गाठ सैल. शेजारची बाई उठून उभी राहिली, जागा असून. पँटवर थेंब पडला, काळा. तो पुसला नाही. पुसायला दुसरा हात मोकळा नव्हता.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कचेरीत उपसंपादक मुलगी म्हणाली, "सर, तुमच्या अंगाला तळ्याचा वास येतोय." रजा घेऊन घरी आलो. पाणी बदललं.

दिवा बंद ठेवला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

काल कुणी गेलं नाही. आजही नाही. मावशींनी टाकीसमोर थांबून पाहिलं. "हलतायत," म्हणाल्या. नको होतं ते हसू आलं मला.

दूध थोडं पातळ. मासे अजून वर येतात, पण मधेच खाली जाऊन परत येतात. माझ्या खिडकीशी, म्हणजे काचेच्या त्या कोपऱ्याशी, जिथं मी बसतो. दाणे मागतात. देत नाही. फार वाईट बघतात.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळी दार उघडलं. काळोख. बटण भिंतीच्या या टोकाला हवं होतं, इतकी वर्षं कसं लक्षात आलं नाही? ठेचकाळलो. टाकीतून डुबुक आवाज आला. जावईबापू असणार. "आलो," म्हटलं. मूर्खासारखं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पाणी नितळ! पण पांढरं स्वच्छ नव्हे. किंचित पिवळसर, चहाच्या दुसऱ्या पाण्यासारखं. ताई म्हणाली, तसंच हवं.

नवं शेवाळ येतंय, पण कमी. ओळखपत्रानं रोज थोडं खरवडतो. स्पंज आता टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच दाबायचा, धुवायचा नाही. दाबताना बोटांमधून ते काळं येतं. किळस अजून तेवढीच आहे. हे लिहून ठेवतो, कारण ताईला वाटतं सवय होते. होत नाही. फक्त हात आधी आत जातो आणि किळस मागून येते.

नळी मात्र जमली. तोंडात काही आलं नाही. दोनदा.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज जावईबापू भरदिवसा ओंडक्याबाहेर येऊन काचेला तोंड लावून शेवाळ खात होता! ताईला फोन. ती भाचीला ओरडून सांगताना ऐकू आली, "अगं, जावईबापू कामाला लागले!" आणि मागून जावयाचा आवाज, "मी? सोमवारी माझी सुट्टी असते, आई!"

किती तरी दिवसांनी तिचं ते हसू ऐकलं — आधी आवाज न होणारं आणि मग खोकल्यात जाणारं.

म्हणाली, "आता हाडही जुळत आलंय माझं."

मी तिच्या खोलीतली चादर बदलली. खिडकी उघडली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवटचा दिवस. हार, भाषणं, ठरलेली विशेषणं. मीच आयुष्यभर कापत आलो ती सगळी. उपसंपादक मुलीनं भेट दिली: काच पुसायचं चुंबकाचं यंत्र. "सर, वासावरून सुचलं."

घरी येऊन लावून पाहिलं. ओळखपत्रच बरं.

२ मार्च, रविवार

ताई परत येत नाही. भाचीनं सकाळी दुजोरा दिला. डॉक्टरांनी जिने बंद केलेत, कायमचे. "पण मामा, तू मासे काय सुंदर जगवलेस! आता टाकी इकडे आणता येईल. आईनं जागाही मोजून घेतलीय."

म्हणजे मी त्यांना जगवलं ते पाठवण्यासाठी. मेले असते तर टाकी तरी इथं राहिली असती.

मग ताईनं फोन घेतला. "ऐक. टाकी ठेवायचीय त्या जागेशेजारची खोली रिकामी केलीय. इथं काच कोण पुसणार? मला उभं राहवत नाही." मी ओळखपत्राची कड नखानं खरवडली. "आणि दिवा तू दिवसभर का ठेवत होतास ते मला कळत नाही असं समजू नकोस."

उद्या सांगतो म्हटलं.

टेम्पो शनिवारी सकाळी येईल. चपटे बादल्यांत जातील, स्पंज ओले पिशवीत, जावईबापू झाकणाच्या लहान पिंपात. ड्रायव्हर म्हणाला, पिंप मागे ठेवलं तर हिंदकळेल. पुढे कुणीतरी मांडीत धरून बसायला हवं. वास येईल म्हणाला. म्हटलं, डाग पडलेली एक पँट आहे माझ्याकडे.