तुरटीचा सेल आणि मंगळवेढ्याचा मुक्काम

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

मी, अरविंद गणपत माने, वय छप्पन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात सुताचा स्टोअरकीपर, ही वही आजपासून सुरू करीत आहे. उद्देश एकच: तुरटी, मीठ आणि दोन धातू यांपासून असा सेल तयार करणे, ज्यात पातळ द्राव नसेल, जो गळणार नाही, आणि ज्यावर झोपायच्या खोलीतले घड्याळ कोणी हात न लावता चालत राहील. ते घड्याळ नोव्हेंबरात बंद पडले. बाजारचा सेल घालता आला असता. घातला नाही. सौ. परत येईल तेव्हा ते माझ्या सेलवर चाललेले तिला दिसावे, अशी इच्छा आहे.

सौ. १४ ऑक्टोबरला मंगळवेढ्याला माहेरी गेली. तिच्या वहिनींचे मांडीचे हाड मोडले होते. वहिनी डिसेंबरपासून हिंडू-फिरू लागल्या आहेत. पुढचे लिहीत नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

साहित्य जमले. तांब्याची नळी, सहा से.मी.चे पाच तुकडे. दुसरा धातू मॅग्नेशियम, त्याची सोय मुनीरभाईने केली. हा माझा शाळासोबती. सात रस्त्याजवळ जळालेल्या पंप-मोटारींत नवी तार भरून देण्याचे व गिझर दुरुस्तीचे दुकान. गिझरच्या टाकीत या धातूची एक कांडी असते. टाकी गंजू नये म्हणून ती स्वतः झिजते. जुन्या तीन कांड्या दिल्या. देताना म्हणाला, "भाभी मैके में, और तुमे हितं फिटकरी पका रैं." गिऱ्हाइके हसली. मी कांड्यांची जाडी मोजून घेतली.

तुरटी चार भाग, खताच्या दुकानातले एप्सम मीठ एक भाग, सैंधव चिमूटभर. सैंधव सौ.च्या उपवासाच्या डब्यातून, क्र. १४. डबा जागेवर होता. सगळेच डबे जागेवर आहेत. एकतीस डबे, माझ्या अक्षरातल्या एकतीस चिठ्ठ्या. हलवणारे कोणी नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

तुरटी पातेल्यात मंद आचेवर स्वतःच्याच पाण्यात विरघळते, हे प्रथमच पाहिले. नळीत ओतली, मधोमध कांडीचा कापलेला तुकडा उभा धरला. तासाभरात काचेसारखा खडा झाला.

सेल १ (यापुढे से. १) : १.४२ व्होल्ट. से. २ : १.३८. से. ३ ला चीर गेली. से. ४ व ५ ठीक.

से. १ वर घड्याळ ३ तास १० मिनिटे चालले. सेकंदकाट्याचा आवाज त्या खोलीत तीन महिन्यांनी. बसून ऐकला.

सौ.ला फोन. आकडे सांगितले. तिने विचारले, जेवलात का. मी से. २ चा आकडा सांगितला. ती म्हणाली, बरं. फोन एकूण चार मिनिटे. त्यांपैकी तीन मीच बोललो.

रविवार, १६ फेब्रुवारी

खड्यांवर हात फिरवला तर दमटपणा लागतो. हे मला मान्य होणे शक्य नाही. तीस वर्षे कारखान्यात माझे काम हेच: सुताची गोणी आली की तिच्यात ओल मोजण्याची सुई खुपसायची. सूत ओले असले की वजन फुगते. मर्यादेबाहेर ओल दिसली की गोणी परत. माझ्या हातून ओली गोणी आत गेलेली नाही.

त्याच पद्धतीने सेल वाळवले. सकाळी दहा ते चार गच्चीच्या फरशीवर, नंतर तव्यावर मंद आच. दर तासाला वजन. दोन वजने लागोपाठ सारखी येईपर्यंत. से. १ : २१४ ग्रॅमवरून १९७. खडा पांढरा, भुसभुशीत, हाताला पूर्ण कोरडा. समाधान वाटले.

तव्यावर सेल पाहून आठवले: सौ.ची भाकरी गोल नसते, असे मी एकदा बोललो होतो. वाटी उपडी ठेवून कापून दाखवली होती. त्या दिवशी ती जेवली की नाही, ते आठवत नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

से. १ : ०.०३. से. २ : ०. से. ४ : ०. से. ५ : ०.०१. मीटर तपासला, तारा तपासल्या. दोष सापडत नाही. कृतीत काहीही चुकलेले नाही.

सौ.ला कळवले नाही. तिचाही फोन नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

मुनीरभाई घरी आला. सेल पाहिले, वजनांचा तक्ता वाचला आणि बराच वेळ हसला. मग बोट जिभेला लावून से. ५ च्या खड्यावर टेकवले. मीटरचा काटा उठला. ०.६. ०.९. बोट काढल्यावरही थोडा वेळ तिथेच.

म्हणाला, "माने साब, ये सूत नहीं. इसमें जितना गीलापन था, उतनीच बिजली थी. तुमने सब निकाल दिया."

चूक माझी. वीज खड्यात नव्हती, खड्यातल्या ओलीत होती, आणि मी ती ग्रॅम-ग्रॅम मोजून बाहेर काढली. से. ३ फोडून पाहिला. कांडीला करडी भुकटी धरली होती. म्हणजे ती झिजतेच. कोणी हात न लावता वर्षानुवर्षे चालेल असा सेल यातून होणार नाही. रोज थेंबभर पाणी द्यावे लागेल, आणि तरीही एक दिवस कांडी संपेल. वहीच्या पहिल्या पानावरील उद्देशात दुरुस्ती करणे भाग आहे.

संध्याकाळी सौ.ला फोन करून हे सर्व सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाली,

"अवो, हितं डबा कुटंबी ठिवला तरी कुणी काय म्हणत न्हाय. चार महिनं झालं. डबा सरळ हाय का म्हणून मी एकदाबी मागं वळून बघितलं न्हाय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ती पुढे म्हणाली,

"वहिनी लई दिवस झालं बऱ्या हायती. मला कुणी थांबवून घेतलेलं न्हाय. मीच थांबलीय."

फोन तिने ठेवला. सहा मिनिटे. त्यांपैकी माझी किती, मोजली नाहीत.

शनिवार, १ मार्च

चहापूड क्र. ३ मधून काढून क्र. ९ मध्ये ठेवून पाहिली. सकाळी चटकन सापडली. काहीच बिघडले नाही. तरी कामावर जाण्यापूर्वी परत क्र. ३ मध्ये हलवली.

दुपारी जेवण कारखान्याच्या कँटीनमध्ये. पोळ्या साच्यातून काढल्यासारख्या गोल. दीड खाल्ली.

मंगळवार, ४ मार्च

से. ५ ला टॉवेलच्या सुताचा दोरा गुंडाळला, दोरा ओला ठेवला. १.१९. सकाळी तीन थेंब, संध्याकाळी तीन. घड्याळ चालू, पण दिवसाला अकरा मिनिटे मागे.

घरात आता पाणी घालावे लागेल असे काहीतरी आहे. ती असताना तुळस तिची, मनीप्लँट तिचा. मी फक्त कुंड्या एका रेषेत आहेत का ते पाहत असे. तुळस डिसेंबरात वाळली. मी तिच्याकडे कुंडी म्हणूनच…

ठरवले. रविवारी मंगळवेढा.

रविवार, ९ मार्च, मंगळवेढा

सकाळच्या एसटीने आलो. परतीची चारची गाडी धरायची होती. घड्याळ व से. ५ सोबत, दोऱ्याला वाटेत दोनदा थेंब दिले, शेजारच्या प्रवाशाने काय औषध आहे म्हणून विचारले.

सौ. अंगणात ज्वारी पाखडत होती. थोडी बारीक झाली आहे. रंग उजळला आहे. तिचे बंधू नाना पोत्यांची तोंडे शिवत होते. घड्याळ पाहून ती म्हणाली, "यवढ्यासाठी आला व्हय?" घड्याळ हातात घेतले, कानाला लावले, ओट्यावर ठेवले.

बोलायचे तीन मुद्दे कागदावर लिहून आणले होते. कागद खिशातच राहिला. मी म्हणालो, "कमल, घरी चल. मला तुझ्यावाचून करमत नाही."

नाना दाभण घेऊन आत गेले. सुपाचा आवाज थांबला नाही.

"आणि डबे?"

"तू म्हणशील तसे. मी लिहून देतो."

"लिहून नगा दिऊ. लिहायला तुमचं काय जातंय, जलमभर तेच केलंय की." सूप थांबले. "आठ दिस हितं ऱ्हावा. कशाला हात न लावता. मग बघू."

नाना आतूनच म्हणाले, "दाजी, दमानं घ्या. आमच्याकडं मिठाच्या डब्यात साखरबी घावतीय."

कारखान्यात फोन करून आठ दिवसांची रजा मागितली. साहेबांनी दोनदा विचारले, कोणी आजारी आहे का. चारची गाडी गेली.

बुधवार, १२ मार्च, मंगळवेढा

या घरात कात्री शिवणाच्या टोपलीत सापडते, किंवा देवघरात, किंवा सापडतच नाही. चहात काल मीठ पडले. वहिनी हसल्या, सगळे हसले, चहा पुन्हा ठेवला गेला. मी पाहत राहिलो. एवढे सोपे असते, हे मला कोणी सांगितले नव्हते. की सांगितले होते.

दुपारी कोणी नसताना ओसरीवरची तीन पोती सरळ रेषेत लावली. मागे वळलो तर सौ. दारात. मी मधले पोते तिरके केले. ती तोंडाला पदर लावून आत गेली. हसत होती, की दुसरे काही, ते दिसले नाही.

सहा महिन्यांनी शेजारी बसून जेवलो. सहा नव्हे, पाच.

शनिवार, १५ मार्च, मंगळवेढा

सातवा दिवस. से. ५ ला होळीच्या गडबडीत थेंब द्यायचे राहून गेले. घड्याळ केव्हा थांबले, माहीत नाही. वेळेची नोंद नाही.

परवाच्या उरलेल्या दोन पुरणपोळ्यांपैकी एक तिने मला सकाळी तव्यावर गरम करून दिली. कडेला फाटलेली होती. खाताना ती आपले ताट घेऊन समोर बसून होती. मी काय म्हणतो याची वाट पाहत असावी. मी म्हणालो, अजून आहे का. ती म्हणाली, न्हाय, संपली. आणि तिच्या ताटातली अर्धी मला दिली.

संध्याकाळी तिने नानांना विचारले, उद्या सोलापूरची गाडी किती वाजता. नाना म्हणाले, साडेआठला. कोणासाठी, ते नानांनी विचारले नाही. मीही विचारले नाही. आत बॅग भरल्याचा आवाज येत आहे. बॅग माझी की तिची, उठून पाहता येईल. बसून आहे.

अरविंद गणपत माने
मंगळवेढा, १५ मार्च २०२५